नानांनी न लपवलेली कमाई

आमच्या वडिलांचं, नानांचं, दोंडाईच्याला कापडाचं दुकान होतं. इन्कम टॅक्सच्या फॉर्मात खरा नफा लिहायचा म्हटलं की त्यांचं पेन अडायचं. मी पुण्याला एम. ए. करत होतो, तेव्हा मला महिना तीस रुपये स्कॉलरशिप मिळाली. ती मात्र नानांनी फॉर्मात ठळक अक्षरांत लिहिली आणि मला घेऊन थेट धुळ्याची कचेरी गाठली.

साहेब फॉर्म वाचून म्हणाले, "शेठ, स्कॉलरशिपला कर माफ असतो. एवढी ओळ खोडा."

"खोडू नका, साहेब! मना पोऱ्यानी कमाई शे ती. पाहिजे तर कर लावा," नाना आपल्या अहिराणीवर आले.

"कमाल आहे! नफा विचारला की तुम्हाला आठवत नाही, आणि हे बरं आठवलं."

"नफा काय, कोनले बी व्हस," नाना म्हणाले. नफा कुणालाही होतो, स्कॉलरशिप नाही, असा त्यांचा हिशेब.

साहेब हसले. 'मुलास स्कॉलरशिप, कर माफ' अशी चिठ्ठी लिहून त्यांनी वर शिक्का मारून दिला. नानांनी ती काचेत मढवून दुकानात लावली. गिऱ्हाइकानं आधी ती वाचायची, मगच नाना कापड फाडणार.

पुढं माझी पदवी आली, ती त्यांनी ट्रंकेत ठेवून दिली. तिच्यावर धुळ्याचा शिक्का कुठं होता?