आमच्याकडे वाघ नाही

वाघ! अहो, वाघ विचारला तिने मला! तब्येत कशी, घरात माणसं किती, काही नाही… व्हिडिओ कॉल लागला, स्क्रीनवर चष्मा आला, वही आली, आणि पहिला प्रश्न काय? "मिस्टर घाग, तुमच्या घरापासून वाघ किती लांब असतो?" म्हणजे असतो हे ठरलेलंच! बाई फक्त अंतर विचारतेय! आता तुम्हीच सांगा, मी महिपत घाग, तेहेतीस वर्षं एका कंपनीचं स्टोअर सांभाळलं, रिटायर झालो, मीरा रोडला सातव्या मजल्यावर टू बीएचके, खाली मेडिकल, बाजूला डोसावाला, समोर एकावर एक तीन कोचिंग क्लास… इथे वाघ आला तर त्याला उभं राहायला जागा तरी मिळेल का हो? पण नाही. त्यांना मुंबई माहितीय. बघितलीय ना त्यांनी, टीव्हीवर!

थांबा, बाई कोण ते सांगतो. हॅनेकेबाई. आमच्या विहीण. आमची आरोही शिकायला म्हणून हॉलंडला गेली ती तिकडचीच सून होऊन बसली. जावई योरिस, सहा फूट चार इंच उंच, पण आईच्या शब्दाबाहेर नाही… म्हणजे तसे आपल्यासारखेच लोक आहेत ते. आणि नात लीना. सहा वर्षांची. तुम्हाला सांगतो, सहा वर्षांत त्या पोरीला मी एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. आधी लॉकडाऊन, मग माझी बायपास, मग तिकिटं महाग, मग तिची शाळा… सगळं फोनवर. दर वाढदिवसाला आरोही तिची उंची सांगते आणि मी टेप घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारतो. सहा रेघा झाल्यात. त्या रेघांखाली पोरगी एकदाही उभी राहिलेली नाही.

यंदा ठरलं! नाताळच्या सुट्टीत लीना येणार, चांगले दोन आठवडे. मी नवीन गादी आणली, छोटी, फुलाफुलांची. आणि ऐनवेळी विहीणबाईंनी हात वर केला. "आधी मी एकटी जाऊन बघून येते. मग ठरवू." इन्स्पेक्शन! आरोही मला फोनवर हळूच, "पप्पा, त्या दहाच दिवस राहणार आहेत. सगळं नीट सांभाळा. त्या नको म्हणाल्या ना, तर योरिस नाही पाठवणार."

बरं, बाईंच्या वहीत प्रश्न किती? सत्तावीस! हत्ती समोरून आला तर रिक्षा कुठल्या बाजूने जाते? सापवाले कुठल्या वारी येतात? अहो, म्हटलं, मॅडम, इथे कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते अजून आम्हाला कळलेलं नाही, सापवाल्यांचं काय सांगू? वाघाचं मात्र मी छातीठोकपणे सांगून टाकलं. "नो टायगर, मॅडम. मुंबई. बिग सिटी. ओन्ली पीपल."

आता तुम्ही म्हणाल, मुंबई कशी काय? मीरा रोड तर ठाणे जिल्ह्यात. अहो, मान्य! पण बाहेर कोण सांगतं हो मीरा-भाईंदर? मुंबई म्हटलं की समोरचा म्हणतो "ओऽऽ!" आणि भाईंदर म्हटलं की म्हणतो "ओ?" एवढ्याशा "ओ?"साठी कोण पत्ता समजावत बसणार?

झालं. बाई उतरल्या. आणायला आमचा स्टीवन. उत्तनचा पोरगा, बापाची बोट होती, ती विकून त्याने टुरिस्ट गाडी घेतली. त्याला मी बजावलं, खड्डे चुकवायचे, एसी फुल ठेवायचा आणि तोंड बंद. तो म्हणतो, "काका, एसी हाय, तोंडबी बंद ठेवतो, पण खड्डं चुकवायचं तर समुद्रातनं न्यावी लागंल गाडी."

मी सगळी तयारी केली होती. पहिल्या दिवशी मॉल दाखवला. काचेचा, चकाचक, सरकता जिना. बाई म्हणाली, "हे आमच्याकडे आहे." दुसऱ्या दिवशी मेट्रोचा पूल दाखवला, उंच, नवा कोरा. "हे पण आहे." मग तेहेतीस मजली टॉवर दाखवला, खाली कारंजं, लॉबीत सोफा. मी म्हणतोय, "मॅडम, फोटो! फोटो!" आणि मॅडमचा कॅमेरा कुठे? टॉवरच्या शेजारी एटीएमच्या दारात एक गाय बसलेली! अहो, ती गाय तिथे कधी बसत नाही हो! आईशप्पथ, नऊ वर्षांत मी तिला तिथे बघितलेली नाही. नेमकी त्याच दिवशी एटीएमचा एसी खायला आली. एकतीस फोटो काढले बाईने त्या गाईचे. टॉवरचा एक, त्यातही अर्धी गाय. मग काय, विजेच्या तारांचा गुंता, त्याचा फोटो. सायकलवरून फ्रिज नेणारा माणूस, त्याचा फोटो. मी हात धरून पुढे न्यायचो, बाई मान मागे वळवून काढायची. कारण तीच खरी मुंबई! बघितलीय ना त्यांनी, टीव्हीवर!

नाही, आता खोटं कशाला बोलू, एकदा माझीही जिरली. जेवताना मी सहज विचारलं, "मॅडम, तुमच्या घराच्या खिडकीतून पवनचक्की दिसत असेल नाही? दारात ट्यूलिपच ट्यूलिप?" बाईने पोळी खाली ठेवली. "मिस्टर घाग, मी चौथ्या मजल्यावर राहते. खिडकीतून पार्किंग दिसतं. लिफ्ट मार्चपासून बंद आहे. आणि मला फुलांची अॅलर्जी आहे." आमची बायको शैला पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी मुकाट पोळीचा तुकडा मोडला. आपणही बघितलंय ना, टीव्हीवर…

तर असे सात दिवस गेले. बाई रुळली. शैलाबरोबर बाजारात जायला लागली, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि गप्पा तासतासभर! वहीतल्या पंचवीस प्रश्नांपुढे बरोबरची खूण. मी मनात म्हटलं, महिपत, पोरगी आली! आणि आठव्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा व्हॉइस मेसेज, "सब लोग ध्यान दीजिए, चेणे-वरसावे साइड पे तेंदुआ दिखा है, कॅमेरे में आया है, एक कुत्ता उठा के ले गया, बच्चों को शाम को नीचे मत भेजिए…"

मी झटकन फोनचा आवाज बंद केला हो! घोडबंदर रोडला जंगल लागून आहे, बिबट्या अधूनमधून येतो, ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही काय करतो? मेसेज ऐकतो, पुढे पाठवतो, चहा पितो. पण ते बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तसं बघायला गेलं तर मी खोटं बोललोच नव्हतो! तिने विचारला वाघ. बिबट्याचं तिने विचारलंच नव्हतं! तरी शैलाला सांगितलं, आजपासून घरात मराठीतसुद्धा बिबट्या म्हणायचं नाही. मामा म्हणायचं. स्टीवनलाही तसंच.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी बाईंना चेण्याची नदी बघायची! का, तर शैलाने बाजारात सांगितलं म्हणे, छान आहे. अगं शैला! दहा वर्षांत मला कुठे छान आहे सांगितलं नाहीस! नाही म्हणावं तर बाईला संशय येणार. गेलो. सहा-सव्वासहा झाले असतील. स्टीवनने गाडी चहाच्या टपरीपाशी लावली, बाई म्हशींचे फोटो काढतेय, मी म्हणतोय, मॅडम, लेट होतंय, डास आहेत, चला… आणि स्टीवनच्या हातातला चहा सांडला. "काका. हालू नका."

"का रे?"

"मामा हाय. भिंतीवर."

बघतो तर काय! पलीकडच्या बंद बंगल्याच्या कंपाउंडवर बसलेला! शेपटी खाली सोडून, आरामात, जणू सोसायटीचा जुना मेंबर! तुम्हाला सांगतो, जिवाची भीती मला नंतर वाटली. आधी डोळ्यासमोर काय आलं, तर ती चौकट. सहा रेघा. आणि बाईचा कॅमेरा म्हशींवरून हळूहळू त्या भिंतीकडे वळतोय… मी मारली उडी! बिबट्याकडे पाठ, बाईकडे तोंड, दोन्ही हात फाकवून उभा राहिलो. "नो टायगर, मॅडम! डॉग! इंडियन डॉग! व्हेरी गुड डॉग!" बाई डावीकडे सरकली, मी डावीकडे. बाई उजवीकडे, मी उजवीकडे. तोंडावर हसू, पाठीवरून घाम, मागे काय चाललंय देव जाणे! नंतर स्टीवन म्हणाला, "काका, त्याने जांबई दिली आन् गेला झाडीत. पन तुमी पाच मिन्टं डॉग-डॉग करतच व्हते."

घरी आलो. बाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि चौकटीपाशी थांबली. रेघांवर बोट ठेवलं. शैलाने आपल्या इंग्लिशमध्ये सांगितलं, "लीना. वन इयर. टू इयर. थ्री इयर…" सिक्सला शैलाने पदर डोळ्यांना लावला. बाई तडक खोलीत गेली, दार लावलं, फोन लावला. त्यांच्या भाषेत अर्धा तास बोलली. मला त्यातलं एकच कळत होतं, लीना… लीना… मी ती फुलाफुलांची गादी गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. रडू आलं हो मला. एवढा बाप्या माणूस, माळ्यात तोंड घालून रडलो.

सकाळी बाई वही घेऊन समोर बसली. "मिस्टर घाग, ऐका. गोंगाट, फार. पाणी, उकळून. वाघ, आहे." मी मान खाली घातली. "आजोबा…" इथे बाईचा चष्मा ओला! "आजोबा त्या जनावराकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले. मी घाबरू नये म्हणून त्याला कुत्रा म्हणाले. आणि हसत होते! असा माणूस घरात असताना माझ्या नातीला कशाची भीती? लीना येणार."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. शैलाने माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं… मी मिटलं.

तेव्हा हुश्श केलं मी. पण हुश्श कसलं? बाईने त्या पाच मिनिटांचं शूटिंग केलं होतं! घरी गेल्या गेल्या मोठ्या टीव्हीवर लावलं. मग पेन ड्राइव्हवर घालून लीनाच्या वर्गात! चोवीस पोरं! आता त्या चोवीस डोक्यांत मुंबई म्हणजे काय, सांगा? जिथे म्हातारे बिबट्याला "गुड डॉग" म्हणतात! म्हणजे टीव्हीवरच्या ज्या मुंबईवर मी आजपर्यंत दातओठ खाल्ले, तिच्यात आता माझाही हातभार!

तीन आठवड्यांपूर्वी लीनाचा फोन आला. मोडकंतोडकं मराठी. "आजोबा, मी येते. पहिला दिवस आपण डॉगकडे जायचं. तू पुढे, मी मागे. हो?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी आणि स्टीवन चेण्याच्या त्या भिंतीसमोर चहा पीत बसतोय. ज्याला लपवायला जीव टाकला, त्याची वाट बघतोय! टपरीवाला सांगतो, तो गेला म्हणे डोंगरात, आता काही दिसत नाही. गादी माळ्यावरून काढलीय, वीस तारखेला पोरगी चौकटीखाली उभी राहील, सातवी रेघ मी तिच्या डोक्यावर पट्टी टेकवून मारणार… आणि संध्याकाळ झाली की माझं बोट धरून म्हणणार, चल. आजोबा घाबरतात म्हणून सांगू तिला? विश्वास ठेवेल? बघितलंय ना तिने, टीव्हीवर!