भर मे महिन्यातला वाघ

वाघ बघायला कधी जावं, हे मला विचारू नका. बसवकल्याणजवळच्या राजेश्वर गावातल्या आमच्या अक्काला विचारा.

मी तिला नीट समजावून सांगितलं होतं. पावसाळ्यात जंगल बंद असतंय. थंडीत गवत इतकं वाढलेलं असतंय की वाघ शेजारनं गेला तरी दिसत न्हाई. मे महिन्यापर्यंत पानं झडतात, नाले आटतात, मग वाघ पाण्यावर येतोच.

"व्हय, वाघाचं बरोबर हाय," अक्का म्हणाली. "पण आपण ऊन खायला इतक्या लांब कामून जायचं? बसवकल्याणचं ऊन संपलंय का?"

तरी आली. ऊन लागू नये म्हणून पदरात कांदा बांधून, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून आली.

दुपारची फेरी, वर उघडी जीप. पाणवठ्यावर पोचलो, तर खरंच वाघ! गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला. मी लढाई जिंकल्यासारखं अक्काकडं बघितलं. तिनं टॉवेलनं तोंड पुसलं.

वाघ काही उठेना, अन् तो उठून चालल्याशिवाय जीपमधलं कुणी हलायला तयार न्हाई. तासभर आमची अन् त्याची नजरानजर चालली. शेवटी आम्हीच उठलो.

गावात आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "अक्का, दिसला का वाघ?"

अक्का म्हणाली, "आम्ही दिसलो की त्याला. गार पाण्यात बसून निवांत बघितलं त्यानं."