पहिल्या पाण्याची कळशी

माझे नाव शालूबाई हरिबा मोहिते, वय ५२, धंदा शेती, राहणार खडकवस्ती, ता. कडेगाव, जि. सांगली. समक्ष पोलीस ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी, पती हरिबा व दीर धनाजी असे एकत्र राहण्यास होतो. आमच्या विहिरीचा तळ काळ्या दगडाचा असल्याने तो फोडण्यासाठी उंब्रजचे शाहनवाज मुल्ला यांचा, जाड छिन्नीने ठोके देणारा ब्रेकर बसवलेला छोटा पोकलेन क्रेनने खाली सोडला होता. मशीन ते स्वतः चालवत होते.

सोमवारी दुपारी दगडाच्या भेगेतून पाणी लागले. आमच्यात पहिले पाणी ज्या हत्याराने लागते त्याच्यावर ओततात. सासूबाईंनी पहारीवर ओतले होते. म्हणून मी हळदी-कुंकू घेऊन शिडीने खाली गेले. पतींनी कळशी भरून दिली. शाहनवाज म्हणाले, "मावशी, छिन्नी लय तापलीया. गार हुईस्तवर थांबा." पती म्हणाले, "पहिलं पाणी हाय गड्या, त्याला कशाला थांबवतूस?" मी कळशी ओतली. चर्र आवाज होऊन वाफ निघाली. आम्ही हसलो.

पती मला म्हणाले, "तू हो म्होरं. झरा मोकळा झाला की आलोच." शाहनवाज यांनी त्यांनाही वर जाण्यास सांगितले. ते गेले नाहीत, शिडीपाशी उभे राहिले. मी काठावर पोचल्यावर काम सुरू झाले व थोड्याच वेळात छिन्नी मोडली. तुकडा उडून पतींच्या छातीवर बसला. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते.

दीर धनाजी यांनी शाहनवाज यांच्यावर निष्काळजीपणाची तक्रार दिली आहे. अडकलेला दगड छिन्नीने उपटायला गेलो म्हणून ती मोडली, असे शाहनवाज यांनी जबाबात सांगितल्याचे मला आज इथे समजले. ते खरे नाही. मी काठावरून बघत होते, छिन्नी सरळ उभी होती, उपटायला तिरकी घातली नव्हती. मशीन वर काढल्यावर त्यात राहिलेला तुकडा पाहून दुरुस्तीवाला म्हणाला होता, तापलेल्या छिन्नीवर गार पाणी पडले की चीर जाते. शाहनवाज त्याला गप बस म्हणाले. मी शेजारीच होते.

पाणी मी ओतले. शाहनवाज यांनी थांबा म्हटले होते. दीर म्हणतात, पाण्याचे बोलू नको, लोक तुला नावे ठेवतील. मला आता लोकांचे काही वाटत नाही. मला झोप येत नाही.

उडालेला तुकडा मिळाला तर चीर कशाची ते नक्की कळेल, नाहीतर शाहनवाज यांचा जबाब ग्राह्य धरला जाईल, असे साहेबांनी सांगितले. तुकडा कुठे आहे असे विचारल्यावरून सांगते की, तो विहिरीच्या तळाला आहे. दोन मोटारी लावून पाहिल्या. पाणी हटत नाही.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच लिहिला आहे, म्हणून खाली अंगठा देत आहे.