राखेवरची पावलं

अमडापूरच्या थांब्यावर बसची वाट पाहताना चिंतामणचं पेपरात लक्ष लागेना. बाकावर शेजारीच एक म्हातारी बसली होती, आणि पलीकडे लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोरीकडं तिची चौकशी काही संपत नव्हती.

“मंग तुले काढून टाकायचाच पगार भेटते?”

“हाव आजी. कम्प्युटरात जुना कोड पडून असते. कोनी वापरत नाई, उगाच जागा अडवते. आन् चोर बी तिथूनच शिरते.”

“पन कोनी वापरत नाई, हे तुले कसं समजते वं?”

“आधी तिथं खूण ठेवतो. वर्षभर पाहतो, कोनी येऊन गेलं काय.”

“राख टाकल्यावानी.”

“कोनती राख?”

“आमच्या उकंडराव पाटलाच्या वावरातून पायवाट होती. त्याईले ती मोडायची होती. पन आधी त्याईनं वाटेवर राख पसरून ठेवली. आठ दिवसांनी पाह्यलं, तं एकाच जनाची पावलं. लहान लहान.”

“कोनाची?”

“माही. त्या वाटेनं मी शाळेत जात होती. पाटलानं वाट ठेवली, मनून मी मास्तरीन झाली. तुले सापडलं काय असं कोनी?”

“एक सापडली. कुठली तरी जुनी मशीन हाय. महिन्यातून एकदा तो कोड वापराले येते.”

“मंग?”

“तेवढा कोड ठेवला, आजी.”

बस आली. चिंतामण उठला, म्हातारी मात्र पोरीपुढं हात जोडून उभी होती.

“अवं आजी, मले काऊन?”

“राहू दे. पाटलाले जोडायचे राहून गेले माहे.”