थाळीतली दह्याची वाटी

तेलीबांध्याच्या खानावळीत रांग लांबली होती. निवृत्त शिक्षिका विनोदिनीबाईंच्या पुढे भाऊ-बहीण बोलत होते. बहीण ज्यू तरुणांच्या उन्हाळी शिबिरातून कालच परतली होती.

"रूबेन, पुढच्या वर्षी तूही चल."

"मले एक प्रार्थना येत नाही, दीदी. हसतील सगळे. मी काहेचा ज्यू?"

"आपल्या घरी मटणासोबत दही काहून नसते, सांग."

"आजीले आवडत नाही."

"अरे पोट्ट्या, दहीभात तर रोज खाते ती! आपल्या धर्माचा नियम आहे तो. मलेही तिथंच कळलं."

"म्हणजे मी लहानपणापासून..."

"पाळून राहिला."

रूबेनची पाळी आली.

"भैया, दो मटन थाली. दही मत देना."

"पसंद नहीं?"

"बहुत पसंद है, भैया. हमारे में नहीं चलता."