उभ्या गाडीचे एकशे दहा तास

लेक: पुन्हा वाच, बाबा. आणि असा रडवेला आवाज नको काढूस. नोटीस आहे ती, मयताचं पत्र नाही.

बाबा: "आपण गेल्या महिन्यात सरकारी गाडी उभी असताना एकशे दहा तास इंजिन चालू ठेवले. उद्यापर्यंत कारणे दाखवावीत, अन्यथा गोदामात बदली."

लेक: एकशे दहा तास! तेवढ्यात माझा अख्ख्या दहावीचा अभ्यास झाला असता.

बाबा: तू केला असतास?

लेक: विषय माझा नाहीये. त्यांना कळलं कसं?

बाबा: ऊर्जा बचतीचं खूळ आलंय ना. गाडीत डबी बसवलीय, ती सगळं मोजते. कचेरीतले दिवेसुद्धा कोणी हललं नाही की आपोआप विझतात. परवा हेडक्लार्क संडासात अंधारात बसून हात हलवत होते.

लेक: आणि बचत समितीचे अध्यक्ष कोण?

बाबा: आपलेच साहेब.

लेक: म्हणजे वर ते बचतीवर भाषण ठोकतात आणि खाली तू त्यांच्यासाठी एसी लावून डिझेल जाळतोस? लिही की तसंच!

बाबा: वेडी आहेस का? वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय मी. आता गोदामात मोडक्या खुर्च्या राखत बसू?

लेक: पण गाडी थंड ठेवा, असं ते म्हणाले कधी?

बाबा: म्हणायला कशाला लागतं? चार वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी गाडीत बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "हं."

लेक: "हं"?

बाबा: मी काय ते समजलो.

लेक: चार वर्षं एका "हं"वर! दे तो फोन इकडे.

बाबा: अगं ए, साहेबांना नको लावूस! लागला वाटतं...

(फोन स्पीकरवर.)

साहेब: हां, बोला. नाक चोंदलंय जरा, मोठ्याने बोला.

बाबा: साहेब, ती नोटीस... तुम्हाला गाडी थंड लागते ना, म्हणून इंजिन...

साहेब: नोटीस तुम्हाला गेली? मी आपला गठ्ठ्यावर सह्या केल्या. आणि थंड? मला? अहो, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतो मी तुमच्या गाडीत!

बाबा: मला वाटलं, तब्येतीमुळे.

साहेब: गाडीमुळे! मला वाटायचं, तुम्हाला उकडतं.

बाबा: मी कानाला मफलर बांधतो, साहेब. तुम्ही उतरलात की.

लेक: धन्य आहात दोघंही!

साहेब: कोण बोललं?

बाबा: टीव्ही, साहेब.

साहेब: टीव्हीचं बरोबर आहे. लिहा, साहेबांना विचारलं नाही. साहेबांनीही कधी सांगितलं नाही, हेही लिहा. त्याखाली सही माझी. गोदामाचं डोक्यातून काढा.

बाबा: बरं... साहेब, उद्या काचा खाली करू का?

साहेब: करा ना. कधीचं म्हणणार होतो.