सातव्या नावाची हजेरी

कमळ : ...आणि रेडिओच्या हजेरीवहीतलं हे सातवं नाव बघा, भागोजीकाका. रघू भागोजी. गावात रेडिओ आल्यापासून एका संध्याकाळचा खाडा नाही! सोळा गावं हिंडले मी, असा श्रोता कुठे भेटला नाही. याची मुलाखत हवीच मला.

भागोजी : दुसऱ्या कुणाची घ्या की. गुणाजी आहे, सदू आहे. शेतकी कार्यक्रमाचे नियमित श्रोते आहेत ते.

कमळ : त्यांचीही घेईन. पण आधी रघू. हाक मारता का त्याला?

भागोजी : होडी घेऊन गेलाय.

कमळ : कधीपर्यंत येईल?

भागोजी : त्याचं काय सांगावं. वारा असतो, ओहोटी असते. त्याच्यापायी तुमची रेवदंड्याची लाँच चुकायची, ताई.

आवडाबाई : अवो, काय सांगताव त्या पोरीला?

भागोजी : तू आत जा. चहाचं बघ.

आवडाबाई : चहा झाला. घे गं बाय, गुळाचा हाय. मुंबईवाल्यांना चालतो का ठावं न्हाय. रघू होडी घेऊन गेला ते खरं. पन त्याला चार महिने झाले. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, पाटंचा गेला. गावातनं चार होड्या गेलेल्या, तीन माघारी आल्या. आमची नांदगावच्या खडकात मिळाली, फुटलेली. तो मिळाला न्हाय.

कमळ : मावशी... रघू तुमचा मुलगा?

आवडाबाई : एकुलता एक. यांनी सांगतला न्हाय?

कमळ : नाही हो. मला माफ करा. मी आपली मघापासून मुलाखत, मुलाखत... पण वहीत तर तो कालपर्यंत हजर आहे!

आवडाबाई : काल?

कमळ : काल, परवा, तेरवा. रोज. हे बघा ना.

आवडाबाई : मी काय बघू? मला अक्षर कळत न्हाय. काय वो, काय म्हनते ही?

भागोजी : नाव कमी करायचं राहून गेलं. बस्स. ताई, तुमचे बाकीचे प्रश्न काय आहेत ते विचारा. 'रेडिओ ऐकून मतात बदल झाला का. खूप, थोडा, मुळीच नाही.' तुमच्या छापील कागदावर आहे तसं विचारा.

कमळ : थांबा, काका. तुळशीचं लग्न म्हणजे बारा नोव्हेंबर. मग ती होडी... ती रघूची होती?

आवडाबाई : कंची होडी?

कमळ : काही नाही, मावशी. आत्ता नको.

आवडाबाई : आता तोंडातनं निघालंय तर सांग. माझं व्हायचं ते होऊन गेलंय.

कमळ : सांगते. आमचं कामच असं आहे. रेडिओवर सांगितलेलं लोक ऐकतात का, आणि ऐकलं तर मानतात का, ते आम्ही गावोगाव विचारतो. बारा तारखेला संध्याकाळी रेडिओवर वादळाची सूचना होती. दोनदा सांगितली. उद्या होड्या बाहेर काढू नका म्हणून. तुमच्या गावच्या वहीत त्या संध्याकाळी वीस जण हजर आहेत, पुढे 'सर्व ऐकले' असा शेरा आहे. आणि पहाटे चार होड्या बाहेर पडल्या, एक परतली नाही, एवढंच मला रेवदंड्याला कळलं; नावं नाही कळली.

आवडाबाई : मग तू काय लिवलंस?

कमळ : कच्चंच आहे अजून...

आवडाबाई : वाच.

कमळ : 'या भागातील दर्यावर जाणाऱ्या लोकांचा रेडिओच्या सूचनेवर विश्वास नाही. सूचना ऐकूनही ते समुद्रात गेले. त्यांपैकी एक होडी परतली नाही.'

आवडाबाई : ती एक होडी म्हंजी माझा रघू.

कमळ : हो.

आवडाबाई : म्हंजी सांगतला होता? वादळ येनार, असा कुनीतरी आदल्या सांजेला सांगतला होता? आनि मी चार महिने दर्याला शिव्या घालतंय, मेल्या, सांगून तरी यायचं होतं! पन बाय, आमी कुठनं ऐकनार? रेडिओ तर मुका व्हता. ब्याटरी रेवदंड्याला भरायला दिलेली.

कमळ : बॅटरी नव्हती? त्या संध्याकाळी रेडिओ बंद होता?

आवडाबाई : चार दिवस बंद व्हता. यांनाच इचार, रेडिओच्या पेटीची चावी यांच्याच करगोट्याला असते.

कमळ : काका? मग हे वीस जण?

भागोजी : मी लिवले.

कमळ : न ऐकता?

भागोजी : रेडिओ द्यायला आलेले साहेब सांगून गेलेले, आठ दिवस कोन ऐकत न्हाय असं दिसलं तर संच उचलून दुसऱ्या गावाला देऊ. आख्ख्या गावात चौथी झालेला मी एकटा, म्हनून माझ्या पडवीत ठेवला. मला वाटलं, गावाचा रेडिओ जायला नको. ब्याटरी नसली तरी मी वीसच्या वीस हजर लावायचो. कागदच तो, कोन बघतंय! सूचना आली व्हती हे मला आज कळतंय, ताई. ह्या घडीला. तुमच्या तोंडून.

आवडाबाई : मग तुमी जाऊन का न्हाय आनली ब्याटरी? बुधवारी तयार व्हनार व्हती.

भागोजी : तुला ठावं हाय का न्हाय आनली ते.

आवडाबाई : हिला ठावं न्हाय. हिला सांगा.

भागोजी : गुडघा सुजलेला माझा. बुधवारी निघालो, तर रघूनं पिशवी काढून घेतली हातातली. म्हनला, बाबा, तू नको ते ओझं वाहू. मी शुक्रवारी जाळं टाकतो नि येताना रेवदंड्यावरनं घेऊन येतो.

आवडाबाई : फडक्यात भाकर बांधून दिली मी. म्हनलं, ब्याटरी जपून आन, भिजवू नको. भिजवू नको म्हनलं मी त्याला!

कमळ : मावशी, बसा. बसा तुम्ही.

आवडाबाई : पोर ब्याटरी आनायला गेला, आनि तुमी त्याला आदल्या सांजेला रेडिओ ऐकायला बसवला? ऐकूनसवरून गेला, माजोरी व्हता, असा माझा रघू मुंबईपातूर ठरला? त्यानं कधी तुमचा शब्द मोडला न्हाय. दर्याचा मोडेल?

भागोजी : चुकलो गं. काय शिक्षा द्यायची ती दे.

कमळ : आणि बॅटरी? ती नंतर आणलीत ना?

भागोजी : न्हाय. तिथंच दुकानात पडलीय. मी न्हाय गेलो. कुनाला जाऊ पन दिला न्हाय.

कमळ : म्हणजे चार महिने रेडिओ बंद! मग रोज ही हजेरी कसली, काका?

भागोजी : सांजेला कोन येत न्हाय आता. मी एकटाच मुक्या रेडिओसमोर बसतो, वही उघडतो. सहा नावं लिवून होतात. सातव्याला गैरहजर लिवायला घेतो, तर हात चालत न्हाय. मग लिवतो हजर. तो हजर, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? सगळेच हजर.

कमळ : मी ही वही सगळ्यांना दाखवायचं ठरवलं होतं. सोळा गावांत सगळ्यात नीट ठेवलेली वही म्हणून.

भागोजी : संच न्यायचा तर न्या, ताई. माझं नाव घालून तक्रार लिवा. मी अंगठा न्हाय, सही देईन.

आवडाबाई : यांचं नंतर बघ काय करायचं ते. आधी रघूचं लिव. ते ऐकून गेला, ते काढ.

कमळ : काढलं. पूर्ण खोडलं, मावशी. आता हे ऐका. 'बारा नोव्हेंबरच्या संध्याकाळी गावातील रेडिओ बंद होता. वादळाची सूचना गावात कोणालाही मिळाली नाही. रघू भागोजी यांनाही मिळाली नव्हती.'

आवडाबाई : परत वाच. शेवटचं तेवढं.

कमळ : 'रघू भागोजी यांनाही मिळाली नव्हती.'

आवडाबाई : 'यांना' लिवलंस. बावीस वर्षांचा व्हता गं. बरं. आता वहीत पन लिवा. तू नको, बाय. ज्यांनी बसवला त्यांनी उठवायचा.

(भागोजी वही मांडीवर घेतो. मागची पानं उलटत बारा नोव्हेंबरवर येतो, टाक दौतीत बुडवतो. लिहितो.)

भागोजी : लिवलं. बारा तारीख, सातवं नाव. गैरहजर.

आवडाबाई : कुठं? बोट ठेवा... येवढं लांब असतं व्हय?

भागोजी : व्हय. हजरपेक्षा मोठं असतं.

आवडाबाई : उद्या दोघं जाऊ रेवदंड्याला. गुडघा दुखला तर मी उचलीन ब्याटरी. गावात अजून तीन होड्या हायत. त्यांच्या पन आया हायत.

भागोजी : जाऊ.

कमळ : काका, पुढची पानंही दुरुस्त करायला हवीत. तेरापासून कालपर्यंत. वही मुंबईला न्यायची तर सगळं खरं हवं.

आवडाबाई : वही नेऊ नको, बाय. ज्या सांजेच्या खोट्यानं त्याच्या नावाला डाग लागत व्हता, ती सांज पुसली. फुडचं राहू दे. तिथं तरी रोज दिवेलागणीला घरी येतोय तो.